ऑफिसच्या फोनसाठी हेडसेट: कोणता घ्यावा, कसा टिकवावा?

जास्वंद

नमस्कार मंडळी,

ठाण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ऑफिसचं काम बघते. आमच्याकडे रुग्णांचे फोन घेणारे एका पाळीला चौदा जण आहेत. घरी रक्त घ्यायला माणूस कधी येईल, उपाशीपोटी यायचं का, रिपोर्ट कुठे अडकला, हे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत चालू असतं. दोन पाळ्या. अर्ध्या टेबलांवर जुने टेबलफोन आहेत, बाकीचे कॉम्प्युटरवरूनच फोन घेतात.

तक्रारी तीन. रुग्ण म्हणतात, "ताई, तुमच्यापेक्षा शेजारच्या बाईंचंच जास्त ऐकू येतंय." परवा एका आजोबांनी शेजारच्या टेबलावर सांगितलेली कुणाची तरी साखर स्वतःची म्हणून लिहून घेतली. दुसरी तक्रार, कुशनच्या काळ्या खपल्या निघून मुलींच्या कानाला आणि केसांना चिकटतात. तिसरी, सकाळच्या पाळीचा हेडसेट दुपारी दुसऱ्याच्या डोक्यावर चढतो, त्यावरून रोजची कुरकुर.

आता नवीन घ्यायला परवानगी मिळाली आहे. साहेबांनी ऑफरमधले गेमिंग हेडसेट बघून ठेवलेत, लाल-निळी लाइट लागते ते. मला पटत नाहीये, पण का पटत नाही ते धड सांगता येत नाही. वायरचा की बिनवायरचा, एका कानाचा की दोन कानांचा, आणि आणल्यावर सांभाळायचे कसे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडीसाखर

लाल लाइट लागली की रिपोर्ट तयार, अशी सोय करून घ्या. :)

गंमत बाजूला. टेबलफोन कोणते आहेत? त्यांना हेडसेटची वेगळी जागा आहे की रिसीव्हरची वायर उपटून त्यात लावता? हे कळल्याशिवाय कुणी काही सुचवू नये, उगाच पैसे पाण्यात जातील.

जास्वंद

बहुतेक अव्हायाचे. मागे हेडफोनचं चित्र असलेली चौकोनी जागा आहे. दोन पॅनासोनिकचे आहेत, त्यांना कडेला बारीक गोल भोक.

तारायंत्र

ईपीएबीएक्स (ऑफिसातली अंतर्गत फोन व्यवस्था) आणि हेडसेट बसवून देणं हाच माझा धंदा आहे (पिंपरी-चिंचवड, इथे विकायला आलेलो नाही, काळजी नसावी). गिऱ्हाईक आधी ब्रँड विचारतं, मी आधी भोक विचारतो. खडीसाखर यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय.

टेबलफोनच्या मागची ती चार तारांची चौकोनी जागा म्हणजे आरजे-९. पिन सगळीकडे सारखीच दिसते, पण माइकची जोडी आत आणि स्पीकरची बाहेर, की उलट, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने ठरवलं आहे. त्यामुळे एका फोनवर ठणठणीत चालणारा हेडसेट दुसऱ्या कंपनीच्या फोनला लावला की समोरच्याला आवाजच जात नाही, नाहीतर घूं असा आवाज येत राहतो. माणूस हेडसेटला शिव्या घालून परत पाठवतो. हेडसेट चांगला असतो, खालची वायर चुकीची असते. पॅनासोनिकचं ते बारीक भोक बहुधा २.५ मिमीचं असेल. मोबाइलच्या हेडफोनची ३.५ची पिन त्यात जाणार नाही. जोर लावू नका, भोक मोडतं.

आता तुमच्या कामाची गोष्ट. कॉल सेंटरच्या हेडसेटच्या वायरीत मध्येच एक सुटणारा सांधा असतो, क्विक डिस्कनेक्ट, आम्ही क्यूडी म्हणतो. वरचा भाग माणसाच्या डोक्यावर, खालची वायर फोनला कायमची. चहाला उठायचं तर सांधा सोडायचा आणि निघायचं, फोनची पिन सारखी ओढायची नाही. आणि मोठा फायदा असा की वरचा हेडसेट एकच ठेवून खालची वायर बदलता येते: अव्हायासाठी आरजे-९, पॅनासोनिकसाठी २.५, कॉम्प्युटरसाठी यूएसबी. उद्या टेबलफोन गेले आणि सगळे कॉम्प्युटरवर आले तरी चौदा हेडसेट भंगारात जात नाहीत. तुमच्यासारख्या अर्ध्या-अर्ध्या ऑफिसला मी दुसरं काही सुचवणारच नाही.

एकच खबरदारी. प्लान्ट्रॉनिक्स आणि जाब्रा या हेडसेटच्या दोन कंपन्या, त्यांच्या क्यूडी एकमेकांत बसत नाहीत. एका घराण्याचं घेतलंत की वायरी त्याच घराण्याच्या घ्या, किंवा जोडणारा अडॅप्टर घ्या. त्याच्यातही लूज कनेक्शनची कटकट होते, म्हणून शक्यतो नकोच.

पाणीपुरी

एवढं कशाला? पोरांकडे स्वतःचे ब्लूटूथ बड्स असतातच. तेच लावायला सांगा, कंपनीचा खर्च शून्य.

रात्रपाळी

@पाणीपुरी, हे ऐकून आमच्या जुन्या टीम लीडरला भोवळ आली असती.

बड्समध्ये गाणी छान वाजतात, पण माइक चालू झाला की ब्लूटूथ गाण्याचा मार्ग सोडून बोलण्याच्या मार्गावर जातं आणि आवाज एकदम चपटा, डब्यातून आल्यासारखा होतो. तुम्हीही अनुभवलं असेल: गाणं चालू आहे, मीटिंग जोडली, आणि सगळं बसकं झालं. शिवाय बडचा माइक कानात, तोंडापासून वीतभर लांब. चौदा माणसांच्या खोलीत तो आख्खी खोली उचलतो. आणि दुपारी तीनला बॅटरी संपली की रुग्णाला काय सांगणार, चार्जिंगला लावलंय, थांबा?

मी मालाड आणि ऐरोलीच्या कॉल सेंटरच्या फ्लोअरवर बरीच वर्षं काढली. बॅंकेचे कॉल, विम्याचे कॉल, सगळं. माझं मत: वायरचाच घ्या. जागेवर बसून काम करणाऱ्या माणसाला बिनवायरचा हेडसेट म्हणजे चार्ज करायची, हरवायची आणि चोरीला जायची आणखी एक वस्तू. सुपरवायझरला फिरावं लागतं, त्याला एखादा द्या.

तुमची पहिली तक्रार माइकची आहे आणि इथेच दुकानदार फसवतो. खोक्यावर 'नॉइज कॅन्सलेशन' लिहिलेलं असतं. ते कुणासाठी? हेडफोनमधलं एएनसी म्हणजे तुमच्या कानात येणारी गडबड कमी करणारं. रुग्णाला त्याचा काडीचा उपयोग नाही. तुम्हाला हवा आहे नॉइज कॅन्सलिंग माइक, म्हणजे जवळचा आवाज घेणारा आणि लांबचा सोडणारा, तोंडापर्यंत येणाऱ्या दांडीवरचा. दोन्हीला एकच शब्द वापरतात आणि सगळा घोळ होतो. दुकानात थेट विचारा, "समोरच्याला कमी गडबड ऐकू जाईल, की मला?"

आणि दांडी. लोक ती कपाळाकडे वर करून ठेवतात नाहीतर हनुवटीखाली लोंबकळत ठेवतात. ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं अंतर. अगदी ओठांसमोर नको, प फ भ ला फट्‌ फट्‌ होतं. अंतर दुप्पट झालं की तुमचा आवाज सहा डेसिबलने खाली येतो, खोलीचा मात्र तेवढाच राहतो. तुमच्या त्या आजोबांची साखर तिथूनच आली असणार. माइकच्या टोकाला एका बाजूला ठिपका किंवा जाळी असते, ती बाजू ओठांकडे हवी. दांडी फिरून उलटी झालेली असते आणि कुणी बघतच नाही. नवीन खरेदीच्या आधी आजच्या आज सगळ्यांच्या दांड्या तपासून बघा.

जास्वंद

आत्ताच जाऊन बघितलं. पाच जणांच्या दांड्या हनुवटीखाली आणि दोन चक्क उलट्या. एकीने माइकवर टिश्यू पेपर गुंडाळून रबरबँड लावलाय, म्हणे लिपस्टिक लागू नये म्हणून.

रात्रपाळी

टिश्यू काढा. माइकला स्पंजची टोपी मिळते, ती घाला. आणि तुमच्या डोक्यावर सीलिंग फॅन आहेत का? पंख्याचं किंवा एसीचं वारं थेट माइकवर आलं की रुग्णाला समुद्रकिनारा ऐकू येतो. टोपीने तेही कमी होतं.

तारायंत्र

सहमत. एक कान की दोन कान यावर मात्र रात्रपाळींशी माझं पटणार नाही असं वाटतंय. मी एका कानाचाच देतो. बाजूला उभ्या माणसाचं ऐकावं लागतं, दुसरा कान मोकळा राहतो, डोक्याला वजन कमी, किंमतही कमी.

रात्रपाळी

रिसेप्शनला एका कानाचा ठीक, तिथे समोर माणूस उभा असतो. चौदा जण एका खोलीत बोलत असताना मोकळा कान म्हणजे गडबड आत यायचा दरवाजा. मग काय होतं? ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवतात, आवाज वाढवला तरी कळत नाही म्हणून स्वतः मोठ्याने बोलतात, ते शेजारच्याला त्रास म्हणून तोही ओरडतो. अख्खी खोली चढत जाते. दोन कानांचाच घ्या.

कानसेन

कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, म्हणून राहवत नाही.

रात्रपाळी यांनी वर्णन केलेल्या 'खोली चढत जाण्या'ला शंभर वर्षांहून जुनं नाव आहे: लोम्बार्ड परिणाम. फ्रेंच कानतज्ज्ञ एत्येन लोम्बार्ड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवला. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, त्याला ते कळतही नाही. माझ्याकडे फोनवर काम करणारे लोक कानापेक्षा घशाच्या तक्रारी घेऊन जास्त येतात.

पण दोन्ही कान बंद केले तरी एक अडचण होते. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही आणि माणूस ओरडूनच बोलतो. टेबलफोनच्या रिसीव्हरमध्ये आपला आवाज आपल्याला हळूच परत ऐकवलेला असतो, त्याला साइडटोन म्हणतात. हेडसेट घेताना तो आहे का आणि कमी-जास्त करता येतो का, हे तारायंत्र यांना विचारा. दोन कान आणि थोडा साइडटोन, हे माझ्या मते सगळ्यांत बरं.

आवाजाच्या पातळीबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा निकष आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असा आहे. पातळी तीन डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०. आठवड्याला ४५-४८ तास हेडसेट घालणाऱ्याने आवाज चढवून बसणं म्हणजे काय होतं ते तुम्हीच बघा. शांत खोलीत सकाळी आवाज ठरवा आणि दिवसभरात त्याच्या वर जाऊ नका. संध्याकाळी तोच आवाज कमी वाटायला लागला तर कान थकलेत, आवाज वाढवायचा नाही, दहा मिनिटं हेडसेट काढायचा.

अचानक येणारा कर्णकर्कश आवाज वेगळा. समोरून फॅक्सची शिट्टी, फीडबॅकची किंकाळी, कुणी मुद्दाम फुंकलेली शिट्टी. त्यानंतर कान गच्च होणं, दुखणं, कानात गुणगुण, आवाज सहन न होणं, असा त्रास कॉल सेंटरच्या लोकांत दिसतो. परदेशात याला अकूस्टिक शॉक म्हणतात. गंमत म्हणजे, म्हणजे रुग्णासाठी गंमत नाहीच, पुष्कळदा श्रवणाची चाचणी नॉर्मल येते आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. व्यावसायिक हेडसेटच्या माहितीपत्रकात ११८ डीबीए (कानाच्या हिशेबाने मोजलेले डेसिबल) मर्यादा असं लिहिलेलं असतं, ती याचसाठी. स्वस्त गेमिंग हेडसेटच्या खोक्यावर ते शोधून दाखवा. साहेबांना पटवायला हा मुद्दा वापरा.

पाणीपुरी

डॉक्टर, पण गेमिंगवाल्याची फ्रीक्वेन्सी २० ते २०,००० असते, म्हणजे आवाज भारी येणारच ना.

तारायंत्र

@पाणीपुरी, आकडा खरा असला तरी फोनवर वाया. साधी फोन लाइन ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढंच नेते. एचडी व्हॉइस म्हणतात ते जी.७२२ सुद्धा ७,००० पर्यंत. बाकीचे तेरा हजार हर्ट्झ कशाला? उलट गेमिंग हेडसेटमध्ये बास फुगवलेला असतो, त्याने बोलणं जड आणि अस्पष्ट होतं. वजन जास्त, कान पूर्ण झाकलेले, घाम. दोन तासांच्या खेळासाठी ठीक आहे, आठ तासांच्या पाळीसाठी नाही.

साइडटोनबद्दल डॉक्टरसाहेबांनी विचारलंय. टेबलफोनवर तो फोनच देतो. कॉम्प्युटरवर मात्र हेडसेटवर अवलंबून. चांगल्या यूएसबी हेडसेटच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये साइडटोनची पट्टी असते. विंडोजमधलं 'लिसन टू धिस डिव्हाइस' लावून जुगाड करू नका, आवाज उशिरा परत येतो आणि बोलणाऱ्याची जीभ अडखळते.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. आमच्या ऑफिसात बिनवायरचे डेक्ट (कॉर्डलेस फोनवालं तंत्र) हेडसेट आहेत, मस्त चालतात, कॅन्टीनपर्यंत आवाज तुटत नाही. डिसेंबरात येतेय ठाण्याला. हवे असतील तर इथल्या सेलमधून दोन-चार घेऊन येऊ का?

तारायंत्र

नका आणू ताई. अमेरिकेतलं डेक्ट १,९२० ते १,९३० मेगाहर्ट्झवर चालतं. आपल्याकडे तो पट्टा मोबाइल कंपन्यांच्या २,१०० बॅंडमध्ये येतो, मोबाइलकडून टॉवरकडे जाणारे संदेश तिथून जातात. युरोपातलं डेक्ट १,८८० ते १,९०० वर, ते पुन्हा वेगळं. एकाचा हेडसेट दुसऱ्याच्या बेसशी जुळत नाही. ब्लूटूथ मात्र जगभर २.४ गिगाहर्ट्झवर, ते कुठूनही आणलं तरी चालतं. येताना कॅलिफोर्नियाचे बदाम आणा, ते कुठल्याही फ्रीक्वेन्सीवर चालतात.

हडसनकाठ

बरं झालं विचारलं. बदाम नक्की. :)

रानजाई

चिपळूणहून लिहितेय. आमच्या पतसंस्थेत टेलिफोनची तीनच टेबलं, पण काळ्या खपल्यांवर मी पीएचडी करू शकते. कोकणातल्या दमट हवेत रेक्झिनचं काहीही टिकत नाही, पर्स असो नाहीतर सोफा. हेडसेटच्या कुशनवरचं ते चामडं म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा. दमट हवेने आणि घामाने त्याचं विघटन होतं. वापरा किंवा कपाटात ठेवा, दोन्हीकडे होतं! म्हणून स्वस्त मिळाली म्हणून पाच वर्षांची कुशनं भरून ठेवू नका, पिशवीतच सोलतात.

आम्ही आता साध्या स्पंजची कुशनं वापरतो. दिसायला गरीब, पण खपल्या नाहीत, कान घामट होत नाही, काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुता येतात. पिळायची नाहीत, टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळवायची. पूर्ण वाळल्याशिवाय लावायची नाहीत, पावसाळ्यात तर दोन जोड हवेतच. तोटा एवढाच की स्पंज बाहेरचा आवाज कमी अडवतो.

कानसेन

पूर्ण वाळल्याशिवाय लावायची नाहीत, हे वाक्य फळ्यावर लिहा. पावसाळ्यात आमच्याकडे कानातल्या बुरशीचे रुग्ण रांगेने येतात: खाज, कान बंद, काळपट किंवा पांढरा मळ. ओलसर कान आणि त्यावर झाकण, बुरशीला आणखी काय हवं? कान वाहत असेल किंवा खाजत असेल त्या माणसाला बरा होईपर्यंत हेडसेट देऊ नका, निदान दुसऱ्याचा तर अजिबात नको. आणि कृपा करून इअरबडच्या काड्या घालून खाजवू नका.

जास्वंद

आमच्याकडे लॅब असल्यामुळे स्पिरिट मुबलक. रोज संध्याकाळी कापसाने सगळे हेडसेट स्पिरिटने पुसतो. मग तर ठीक ना?

रानजाई

तिथेच खपल्यांचं अर्धं उत्तर आहे गं! प्लास्टिकची पट्टी, दांडी, वायर यांना ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, तेही कपड्यावर घेऊन, कपडा ओला नाही, दमट. रेक्झिनच्या कुशनला रोज स्पिरिट लावलं की पापुद्रा कोरडा होतो आणि तडकतो. त्याला साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं, मग कोरडं फडकं, बस. फवारा कधीच मारायचा नाही, ना माइकवर ना स्पीकरच्या जाळीवर. माइकची स्पंजची टोपी पुसायची वस्तू नाही, ती बदलायची. डोक्याच्या पट्टीवर तेल साठतं, त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आमच्याकडे खोबरेल आणि मोगऱ्याचा गजरा, दोन्ही पट्टीवर दरवळतात.

रात्रपाळी

पाळ्यांचा वाद तर एकाच उपायाने मिटतो. हेडसेट माणसाला द्या, टेबलाला नाही. क्यूडी असेल तर खालची वायर टेबलाला राहील, वरचा भाग ज्याचा त्याच्या कापडी पिशवीत, नाव लिहून. आमच्याकडे रुजू झालं की सही करून हेडसेट मिळायचा आणि नोकरी सोडताना परत द्यायचा. स्वतःचा झाला की लोक तो फेकत नाहीत, वायर खुर्चीच्या चाकाखाली येत नाही. चौदाच्या जागी अठ्ठावीस घ्यावे लागतील म्हणून साहेब ओरडतील. निदान प्रत्येकाला स्वतःचं कुशन आणि माइकची टोपी तरी द्या, ती पाळी बदलताना अर्ध्या मिनिटात बदलून होतात.

खडीसाखर

एक विषय राहिला. बायकांचं डोकं. अंबाडा किंवा क्लिप असली की पट्टी मागे सरकते. कुड्या असल्या की कुशन त्यावर दाबून संध्याकाळी कान लालभडक. चष्म्याची दांडी आणि कुशन यांच्यामध्ये कानाचा वरचा भाग चेंगरतो, डोकं दुखतं ते यामुळे, पण लोक कामाला दोष देतात. माझ्या बहिणीला मानेमागून जाणाऱ्या पट्टीचा हेडसेट दिला तेव्हा सुटका झाली. म्हणून चौदाच्या चौदा डोळे मिटून मागवू नका. दोन प्रकार नमुन्याला आणा, चष्मेवालीला आणि अंबाडेवालीला आख्खी पाळी घालायला द्या, पाच मिनिटं दुकानात घालून काही कळत नाही.

तारायंत्र

हेच सांगणार होतो. नमुना घेतल्यावर अशी परीक्षा घ्या: हेडसेटवरून स्वतःच्या मोबाइलवर फोन लावा, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, शेजारी दोन जणांना नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा, आणि तुम्ही दहा रिपोर्टचे आकडे वाचा. मग ते रेकॉर्डिंग दुसऱ्या माणसाला ऐकवून आकडे लिहायला लावा. साहेबांच्या गेमिंग हेडसेटवरही हेच करा, वाद होणार नाही.

विकत घेताना वेगळं विचारा: याची कुशनं, माइकची टोपी आणि खालची वायर सुटी मिळते का? हो म्हणाला तरच घ्या. नावांचा गोंधळ लक्षात ठेवा. प्लान्ट्रॉनिक्सचं पोली झालं, आणि २०२२ मध्ये पोली एचपीने घेतलं. सेनहायझरचे ऑफिस हेडसेट २०२० नंतर इपोस नावाने आले. त्यामुळे त्याच हेडसेटचं कुशन जुन्या नावाने शोधलं तर मिळत नाही, मॉडेलच्या नंबराने शोधा.

(अवांतर: प्लान्ट्रॉनिक्स कंपनी १९६१ मध्ये विमानाच्या वैमानिकांसाठी हलका हेडसेट बनवायला निघाली. १९६९ मध्ये नील आर्मस्ट्रॉंग चंद्रावरून बोलला ते त्यांच्याच हेडसेटमधून. आणि जाब्राचा धनी जीएन, म्हणजे १८६९ मधली डॅनिश तार कंपनी. माझ्या आयडीचा अभिमान वाटण्याचं एक कारण.)

पाणीपुरी

बिघडला तर? लॅमिंग्टन रोडला दुरुस्त होतात का?

तारायंत्र

लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, दोन्हीकडे पिन बदलून देणारे आहेत. मोबाइलच्या पिनचं काम ते छान करतात. पण हेडसेटची वायर बहुतेक वेळा तुटते ती कानावरच्या कपाजवळ नाहीतर सांध्याजवळ, जिथे ती सारखी वाकते. आतली तार केसासारखी, तिच्यावर लाखेचा थर असतो, तो जाळल्याशिवाय सोल्डरचा टाका धरत नाही. क्यूडीच्या खालची वायर तुटली तर दुरुस्त करूच नका, नवीन घ्या. वरची तुटली आणि हेडसेट वॉरंटीत असेल तर कंपनीकडे पाठवा, उघडलेला घेत नाहीत.

तुटू नये म्हणून: वायर हेडसेटभोवती आवळून गुंडाळायची नाही, सैल वेटोळं करायचं. मॉनिटरच्या कोपऱ्याला टांगायचा नाही, टेबलाखाली हूक लावा. पिन काढताना पिन धरायची, वायर नाही. आवाज जात-येत असेल तर आधी सांधा सोडून पुन्हा लावा, त्यातली पत्ती मळलेली असते. मग दुसऱ्या टेबलाच्या खालच्या वायरीला जोडून बघा. दोष वर आहे की खाली ते एका मिनिटात कळतं. आमच्याकडे येणाऱ्या 'बिघडलेल्या' हेडसेटपैकी पुष्कळांचं म्यूटचं बटण दाबलेलं असतं, हे मी कुणालाही तोंडावर सांगत नाही.

जास्वंद

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली आहे. क्यूडीचे दोन नमुने मागवले, एक स्पंजचा, एक रेक्झिनचा, दोन्ही दोन कानांचे. एकच प्रश्न उरला. आमच्याकडे एक मुलगा आहे, त्याला डाव्या कानाने लहानपणापासून ऐकू येत नाही. फोनवर तोच सगळ्यांत चांगला, म्हाताऱ्या माणसांशी फार सबुरीने बोलतो. त्याला दोन कानांचा दिला तर उपयोग होईल का?

कानसेन

होईल. त्याच्या उजव्या कानाला जे हवं ते मिळालं की झालं. दोन कानांचा दिलात तर डाव्या कुशनचा उपयोग फक्त तोल राखण्यापुरता. एक काळजी: त्याचा एकच कान कामाचा आहे, त्यामुळे आवाजाची मर्यादा त्याच्यासाठी सगळ्यांत कडक ठेवा आणि वर्षातून एकदा ऑडिओमेट्री (श्रवणाची चाचणी) करून घ्या.

तारायंत्र

टेबलफोनवर असेल तर काहीच करावं लागत नाही, दोन्ही कानांत तोच आवाज येतो. कॉम्प्युटरवर असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटी, मग ऑडिओ, तिथे 'मोनो ऑडिओ' चालू करा. नाहीतर एखाद्या सॉफ्टवेअरमधला घंटीचा आवाज फक्त डाव्या बाजूला वाजायचा आणि बिचाऱ्याला फोन आलेलाच कळायचा नाही. आणि त्याला विचारा, माइकची दांडी कुठल्या बाजूला हवी. दोन्हीकडे फिरणारी दांडी असलेला नमुना असेल तर तो आधी त्याला द्या.